शेजारचं शहर वाढलं की आपल्या पोटात का दुखतं?

नकाशेवेडी | सोमवार, रात्री ९:१२

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. आधीच सांगते, आपल्याकडच्या अमक्या शहरातले लोक असे आणि तमक्या शहरातले तसे हे इथे आणू नका प्लीज, त्याच्यावर दर सहा महिन्यांनी एक धागा निघतो आणि दोनशे प्रतिसादांनंतर त्याला कुलूप लागतं. जगात इतरत्र काय काय झालंय त्याच्यावर बोलूया.

तर झालं असं की अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांबद्दल वाचत होते. मिसिसिपी नदीवर दोन्ही, मध्ये अंतर जवळजवळ नाहीच. सेंट पॉल थोरलं, बोटी जिथपर्यंत वर येऊ शकायच्या तिथे वसलेलं, राज्याची राजधानी, आब राखून असणारं. मिनियापोलिसकडे धबधबा होता, त्या पाण्यावर आधी लाकडाच्या आणि मग पिठाच्या गिरण्या चालल्या आणि धाकट्याने बघता बघता उंची गाठली. १८८० च्या जनगणनेत मिनियापोलिस पुढे गेलं. ४६,८८७ विरुद्ध ४१,४७३. झालं, तिथून जे सुरू झालं ते काय विचारू नका.

१८९० च्या जनगणनेत सेंट पॉलकरांना खात्रीच होती की समोरचे आकडे फुगवतायत. तक्रार गेली आणि फेडरल मार्शलने मिनियापोलिसच्या सात प्रगणकांना अटक केली, कागद जप्त. मग मिनियापोलिसवाले म्हणाले ठीक आहे, आता तुमचेही कागद बघूच! फेरमोजणी झाली आणि निघालं काय, तर दोघांनीही घोळ घातलेला. सेंट पॉलच्या रेल्वे स्टेशनात म्हणे २७५ माणसं 'राहत' होती. स्टेशनात! मिनियापोलिसचा आकडा १,८२,९६७ वरून १,६४,७३८ वर आला आणि सेंट पॉलचा १,४२,५८१ वरून १,३३,१५६ वर. म्हणजे चोर दोघंही, धाकटा जरा जास्त.

मला यात गंमत ही वाटली की एवढा उपद्व्याप करूनसुद्धा क्रम तोच राहिला. फुगवलेल्या आकड्यांतही मिनियापोलिस पुढे आणि खऱ्यांतही पुढेच. मग भांडण कशासाठी होतं? माझा अंदाज असा की दोन शेजारी शहरं लहान-मोठी असतात तोवर सगळं शांत असतं, मोठं असेल ते लाडाने वागतं आणि लहान असेल ते मान खाली घालून राहतं. भांडण पेटतं ते क्रम बदलायला लागतो तेव्हा. आणि मग शहराचा स्वभावच बदलतो, स्वतःकडे बघायचं सोडून ते सारखं पलीकडे बघायला लागतं.

तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं असली तर द्या.

---

शिळी_बातमी | सोमवार, रात्री १०:४०

छान धागा, पण क्रमवाली थिअरी मला पूर्ण पटली नाही. भांडणं पैशावरून होतात हो, क्रमांक वगैरे नंतर सांगायच्या गोष्टी. लिव्हरपूल आणि मँचेस्टर बघा. १८३० मध्ये या दोघांना जोडणारी रेल्वे सुरू झाली तेव्हा दोघांनाही एकमेकांची गरजच होती, कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा, तयार कापड परत त्याच वाटेने बाहेर. सुखाचा संसार. पण मँचेस्टर जसजसं वाढत गेलं तसतसं त्यांच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात यायला लागलं की प्रत्येक गाठीमागे लिव्हरपूलच्या गोदीचे पैसे आणि वर रेल्वेचं भाडं, म्हणजे घाम आमचा आणि गल्ला तुमचा.

मग या लोकांनी काय करावं? समुद्रच घरी आणायचा ठरवला! ५८ किलोमीटरचा कालवा, मोठी जहाजं जातील असा. लिव्हरपूलने पार्लमेंटात जीव तोडून विरोध केला, बिल दोनदा पडलं, तिसऱ्यांदा १८८५ मध्ये पास झालं. १८९४ च्या १ जानेवारीला कालवा वाहतुकीला खुला झाला आणि समुद्रापासून इतकं आत असलेलं शहर पुढे चक्क देशातल्या मोठ्या बंदरांत गणलं जायला लागलं.

आता खरी गंमत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिव्हरपूलचा फुटबॉल क्लब आणि न्यूटन हीथ नावाचा क्लब यांच्यात सामना झाला, लिव्हरपूल २-० ने जिंकलं आणि न्यूटन हीथ खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. हे न्यूटन हीथ म्हणजेच १९०२ नंतरचं मँचेस्टर युनायटेड. आज स्टेडियममध्ये एकमेकांच्या नावाने गळे काढणाऱ्या पोरांपैकी किती जणांना गोदीचा दर माहीत असेल? भांडणाचं कारण कधीच मेलंय, भांडण मात्र मजेत आहे.

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री १०:५५

वा! जागा धरून बसतेय. चालू द्या.

---

कोपऱ्यातला | सोमवार, रात्री ११:२०

@शिळी_बातमी, एक पुस्ती जोडतो. ज्याला मँचेस्टरचं बंदर म्हणायचे त्याच्या गोद्या बहुतांशी सॅलफर्डमध्ये होत्या, आणि सॅलफर्ड हे वेगळं शहर आहे, मध्ये फक्त एक नदी. घाम सॅलफर्डचा आणि नाव मँचेस्टरचं. आणि मँचेस्टर युनायटेडचं मैदानही मँचेस्टर शहराच्या हद्दीत नाही. तेव्हा लिव्हरपूलच्या नावाने बोटं मोडणाऱ्या मँचेस्टरने सॅलफर्डशी नेमकं तेच केलं जे लिव्हरपूल त्यांच्याशी करत होतं. प्रत्येक शहर एका बाजूला रडतं आणि दुसऱ्या बाजूच्याला रडवतं.

गोद्या १९८२ ला बंद पडल्या, आता तिथे टीव्हीचे स्टुडिओ आहेत. पत्ता विचारला तर सॅलफर्डवाले आवर्जून सॅलफर्डच सांगतात म्हणे.

---

आगाऊ_काका | मंगळवार, सकाळी ७:०५

तुम्ही सगळे शहर म्हणजे जणू कुणी माणूस आहे असं बोलताय. शहराला पोट नसतं आणि पोटात दुखतही नाही. व्यापाऱ्याला दुखतं, जमिनीच्या दलालाला दुखतं, पेपरच्या मालकाला दुखतं. बाकी जनता सकाळी उठून कामाला जाते.

आणि हे 'शहराचा स्वभाव बदलला' प्रकरण तर मला कधीच कळलं नाही. साठीतल्याला विचारा, म्हणतो चाळीस वर्षांपूर्वी शहर छान होतं. चाळिशीतला म्हणतो वीस वर्षांपूर्वी. पंचविशीतलं पोरगंही सांगतं, आम्ही कॉलेजला होतो तेव्हा काय मजा होती. थोडक्यात ज्या वर्षी तुमचे गुडघे दुखत नव्हते त्या वर्षी शहर चांगलं होतं. प्रत्येक जण आपण आत शिरलो आणि मागे दार लावायला हवं होतं असं म्हणत असतो.

---

नकाशेवेडी | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, गुडघ्याचं मान्य :) पण स्वभाव बदलतो हो, फक्त तो हवेत शोधायचा नसतो. लोक काय करून पोट भरतात ते बदललं की रस्त्यावर कोण किती वाजता दिसतं ते बदलतं, मग दुकानं बदलतात, मग बोलणं. सॅन होजे घ्या. आज सगळं जग ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतं ती सगळी फळबागांची दरी होती, आलुबुखार आणि जर्दाळूची झाडं मैलोनमैल, आणि फळं डबाबंद करायचे कारखाने. हंगामाप्रमाणे चालणारं गाव. १९५० मध्ये वस्ती ९५ हजारांच्या आसपास. त्या वर्षी डच हॅमन नावाचा सिटी मॅनेजर आला आणि १९६९ पर्यंत राहिला, तेवढ्यात शहर १७ चौरस मैलांवरून शंभराच्याही बरंच वर गेलं आणि १९७० ला वस्ती साडेचार लाखांच्या आसपास.

हे कसं केलं ते वाचून मी थक्क झाले. आधी रस्त्याच्या कडेकडेने अरुंद पट्टी शहरात घ्यायची, एखादी वेल सोडल्यासारखी, मग त्या पट्टीच्या टोकाला जी बाग असेल ती घ्यायची. नकाशा बघाल तर शहर नाही, सांडलेली शाई वाटते. सांडपाण्याचं मोठं केंद्र शहराच्या हातात, त्यामुळे ड्रेनेज हवंय तर आमच्यात या. आजूबाजूची गावं घाबरली! मिल्पिटासने १९५४ मध्ये आणि क्युपर्टिनोने १९५५ मध्ये घाईघाईने स्वतःची वेगळी नगरपालिका केली, गिळलं जायच्या आधी. आज क्युपर्टिनोचं नाव सगळ्यांना माहीत आहे ते अ‍ॅपल कंपनीमुळे.

आणि शेवटी १९९० च्या जनगणनेत सॅन होजे लोकसंख्येत सॅन फ्रान्सिस्कोच्या पुढे गेलं. काही फरक पडला? नाही. अजूनही 'शहरात जाऊन येतो' म्हटलं की लोक सॅन फ्रान्सिस्कोच समजतात. म्हणजे माझी क्रमवाली थिअरी इथे मीच पाडली, हे बघा.

---

हद्दीवरचा | मंगळवार, दुपारी १:१५

एवढे मोठमोठे दाखले चाललेत त्यात माझं जरा लहान आहे पण सांगतो. मी खरोखरच दोन शहरांच्या हद्दीवर राहतो, नावं घेत नाही, धागाकर्तीची अट आहे आणि शिवाय मला इथेच राहायचंय. घरातून बाहेर पडलो की डाव्या हाताला एक शहर, उजव्या हाताला दुसरं. वीस वर्षांपूर्वी मध्ये मोकळं माळरान होतं, संध्याकाळी अंधार पडला की दोन्हीकडचे दिवे लांब लांब दिसायचे. आता माळरान संपलं, दिवे चिकटले. हद्द कुठे आहे ते कळतं फक्त रस्त्यावरून, कारण डांबर एका रेषेत थांबतं, अगदी पट्टीने आखल्यासारखं. त्या रेषेवर एक खड्डा आहे तो अर्धाच बुजवलेला आहे. खोटं वाटेल पण अर्धाच. ज्यांनी बुजवला त्यांनी आपल्या हद्दीपुरता बुजवला आणि गेले.

आणि खांब. वळणावर एक दिव्याचा खांब आहे तो चौदा महिने बंद आहे. प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो, तक्रार करताना तो द्यावा लागतो. याच्यावर नंबरच नाही. डावीकडच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले आमच्या यादीत नाही. उजवीकडे गेलो तर तो माणूस खरंच भला होता, त्याने नकाशा काढला, बोट ठेवलं आणि म्हणाला, साहेब तुमचा खांब बरोब्बर रेषेवर आहे, म्हणजे आमच्या प्रिंटमध्ये रेष जेवढी जाड आहे त्या जाडीत तुमचा खांब बसलाय.

तर मी म्हणतो स्पर्धा चालेल, पण ती फक्त दर्शनी भागात असते. स्वागताच्या कमानी बघा, याने वीस फुटी केली की त्याने पंचवीस फुटी. मागच्या दाराला कोणी स्पर्धा करत नाही.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी १:३२

'रेषेच्या जाडीत' =)) =)) दंडवत!

---

शिळी_बातमी | मंगळवार, दुपारी ३:१०

कमानीवरून इटलीतलं सिएना आठवलं. फ्लोरेन्सशी पिढ्यानपिढ्या हाडवैर, आणि तेव्हा सिएना जोरात होतं. १३३९ मध्ये त्यांनी ठरवलं की आहे ते कॅथेड्रल लहान आहे, इतकं मोठं बांधायचं की आत्ताचं अख्खं कॅथेड्रल त्याचा नुसता आडवा भाग ठरावा. भिंती उभ्या राहायला लागल्या आणि १३४८ मध्ये प्लेग आला. ती अर्धी भिंत अजून तशीच उभी आहे, आज लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात आणि फोटो काढतात.

---

ओसरीवरून | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

मला वाटतं वाढणाऱ्या शहरांबद्दल खूप बोलून झालं, ज्याने वाढायला नको म्हटलं त्याचं बघा. सेंट लुइस. १८७० च्या जनगणनेत ते शिकागोच्या पुढे होतं, निदान कागदावर तरी, ३,१०,८६४ विरुद्ध २,९८,९७७, आणि त्या आकड्यावरही फुगवल्याचा संशय तेव्हापासूनच आहे. नदीच्या वाहतुकीवर मोठं झालेलं शहर, त्यामुळे नदी आहे तोवर आपण आहोत अशी खात्री. शिकागोने आगगाडी धरली. सेंट लुइसने मिसिसिपीवर तो प्रसिद्ध पूल बांधला १८७४ मध्ये, तोवर उशीर झाला होता. १८८० ला शिकागो पाच लाखांवर आणि हे साडेतीन लाखांवर.

पण खरा घाव त्यांनी स्वतःच घालून घेतला. १८७६ मध्ये आजूबाजूच्या कौंटीपासून (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी) शहर वेगळं झालं, हद्द कायमची पक्की केली. विचार असा की बाहेरच्या शेतमळ्यांवर आमचा कर का खर्च करायचा? तेव्हा शहाणपणाचंच वाटलं असणार. पुढे त्याच शेतमळ्यांवर लोक राहायला गेले, कारखाने गेले, कर गेला, आणि शहराला हात लांब करता येईना. १९५० ला साडेआठ लाखांच्या वर असलेली वस्ती २०२० ला तीन लाख एक हजारांवर आली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी शिकागोशी ज्या आकड्यावर भांडत होते त्याच्याही खाली.

आगाऊ_काका म्हणतात शहराला पोट नसतं. नसेल. पण असं शहर आतून चालत बघितलं तर, ओळीने विटांची देखणी घरं आणि मध्येच दात पडल्यासारखी रिकामी जागा, तेव्हा व्यापाऱ्याचं पोट आठवत नाही.

---

आगाऊ_काका | मंगळवार, रात्री ८:२०

ओसरीवरून, हे मान्य केलं पाहिजे. गप्प बसतो. (फार वेळ नाही.)

---

कोपऱ्यातला | मंगळवार, रात्री ९:५०

मग उपाय काय, एकत्र करून टाकायचं? तेही झालंय. ब्रुकलिन हे १८९७ पर्यंत स्वतंत्र शहर होतं, अमेरिकेतल्या पहिल्या चार-पाचांत मोडणारं. न्यूयॉर्कवाल्यांना धास्ती होती की शिकागो आपल्याला मागे टाकणार, म्हणून शेजाऱ्यांना जोडून घ्यायची कल्पना जोरात आली. म्हणजे शेजाऱ्याशी लग्न का, तर लांबच्या तिसऱ्याला खिजवायला! १८९४ मध्ये ब्रुकलिनमध्ये मतदान झालं, ६४,७४४ बाजूने आणि ६४,४६७ विरोधात. २७७ मतांनी एक अख्खं शहर संपलं. १ जानेवारी १८९८ पासून ब्रुकलिन न्यूयॉर्कचा एक भाग. त्याला तिथले जुने लोक 'अठ्ठ्याण्णवची घोडचूक' म्हणायचे.

पण गंमत अशी की स्वभाव काही मेला नाही. ब्रुकलिनचा माणूस कुठला म्हणून विचारलं तर आजही आधी ब्रुकलिनच सांगतो. तेव्हा नगरपालिका एक केली म्हणून शहर एक होत नाही, आणि वेगळी ठेवली म्हणून वेगळंही राहत नाही.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री १०:१५

मी पण एक टाकते. टेक्सासमधलं डॅलस आणि फोर्ट वर्थ. फोर्ट वर्थचा पेपरमालक एमन कार्टर डॅलसला कामाला जावं लागलं तर घरून डबा घेऊन जायचा, का तर त्या शहरात जेवणाचे पैसेसुद्धा खर्च व्हायला नकोत! (काका, तुमचा पेपरचा मालक सापडला बघा.) दोन्ही शहरांचे विमानतळ वेगळे, एक मोठा बांधा म्हटलं की कोणाच्या दारात यावरून सगळं फिसकटायचं. शेवटी १९६४ मध्ये केंद्रातल्या विमान मंडळाने दम दिला की दोघं मिळून एक जागा सांगा नाहीतर आम्ही ठरवू. मग दोघांच्या मधोमध जागा निघाली आणि १९७४ ला विमानतळ सुरू झाला. आज जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे.

---

नकाशेवेडी | बुधवार, सकाळी १०:०५

भारी प्रतिसाद येतायत. डबा घेऊन जाणारा कार्टर तर फारच आवडला.

मधोमध म्हटल्यावर सिडनी-मेलबर्न आलंच. १८५१ नंतर सोनं सापडलं आणि मेलबर्न इतकं सुसाट वाढलं की काही दशकं सिडनीच्याही पुढे होतं. दोन्ही शहरं तेव्हा वेगवेगळ्या वसाहतींत, आणि त्या वसाहतींनी रेल्वेसुद्धा वेगवेगळ्या रुंदीची घातली, त्यामुळे १८८३ पासून १९६२ पर्यंत सरहद्दीवर ऑल्बरीला सगळ्यांनी मध्यरात्री नाहीतर भल्या पहाटे सामानसुमान घेऊन गाडी बदलायची. ७९ वर्षं! देश एक झाला तेव्हा राजधानी कुठे यावर अडलं, म्हणून घटनेतच लिहिलं की ती सिडनीच्या राज्यात असेल पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि ती तयार होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये. त्यातून कॅनबेरा.

आणि हे वाचून तर मला १८९० चेच प्रगणक आठवले. २०२३ मध्ये बातम्या आल्या की मेलबर्नने सिडनीला पुन्हा मागे टाकलं. कसं? मेल्टन नावाची वस्ती मेलबर्नला जवळजवळ चिकटली म्हणून आकडेवारीवाल्यांनी ती मेलबर्नच्या हद्दीत मोजली. फरक १८,७०० माणसांचा. सिडनीवाले म्हणाले, रेष सरकवून जिंकलात. म्हणजे @हद्दीवरचा यांचा खांबच.

---

शिळी_बातमी | बुधवार, दुपारी १२:३०

तुमच्या मूळ जुळ्या शहरांचं पुढे काय झालं ते नाही सांगितलंत. तिकडे १९७१ चा एक कायदा आहे, मला फार आवडतो. त्या अख्ख्या पट्ट्यातल्या गावांत दुकानं, ऑफिसं, कारखाने वगैरेंमुळे कराचा पाया जेवढा वाढेल त्यातला ४० टक्के हिस्सा सामायिक खात्यात, आणि तो सगळ्यांत वाटायचा, ज्यांची ऐपत कमी त्यांना जास्त. म्हणजे मॉल तुमच्याकडे आला तरी थोडा माझाही. कोर्टकज्जे झाले, अंमल यायला काही वर्षं गेली, पण टिकलाय. मी सुरुवातीला म्हटलं तेच, पैशाचं काहीतरी केलं की भांडण टोप्यांपुरतं उरतं. तिकडच्या बेसबॉल टीमचं नावच ट्विन्स आहे आणि टोपीवर दोन्ही शहरांसाठी टी आणि सी, म्हणजे ट्विन सिटीज, कारण नुसता एम टाकला तर तो मिनियापोलिसचा वाटला असता.

---

आगाऊ_काका | बुधवार, दुपारी १२:४१

४० टक्के! आमच्या सोसायटीतल्या दोन विंग पाण्याच्या टँकरचं बिल अर्धं अर्धं करायला तयार नाहीत.

---

हद्दीवरचा | शनिवार, रात्री ८:५५

धागा वर काढतोय, माफ करा. खांबाचं अपडेट. परवा सकाळी बघतो तर खांबावर नंबर रंगवलेला! इतका आनंद झाला की फोटो काढून लगेच तक्रार टाकली. संध्याकाळी परत येताना बघितलं तर दुसऱ्या बाजूला अजून एक नंबर, तो दुसऱ्या शहराचा. आता दोन्हीकडे माझी तक्रार 'संबंधित विभागाकडे वर्ग' आहे. दिवा बंदच.

---

तिसरी_घंटा | शनिवार, रात्री ९:०२

दोन्ही नंबर एकाच उंचीवर आहेत का?

---

हद्दीवरचा | शनिवार, रात्री ९:२०

तुम्ही विचारलंत म्हणून टॉर्च घेऊन बघून आलो. नाही. नंतरचा वीतभर वर आहे.